छोट्या ऑफिससाठी फोन सिस्टीम : कमी खर्चात हार्डवेअर काय घ्यावं?

हिशोबनीस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या फोनचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय, तर "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं". आम्ही बारा माणसं. ३ लाइन ८ एक्स्टेन्शनचा जुना ॲनालॉग ईपीएबीएक्स (ऑफिसचे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी) आहे. त्यातलं एक कार्ड मरायला टेकलंय आणि दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट मिळत नाहीत, अख्खी पेटीच बदला.

अपेक्षा फार नाहीत. बाहेरून फोन आला की "विक्रीसाठी १ दाबा" छाप घोषणा, एकमेकांना कॉल ट्रान्सफर, गोदामात फिरताना नेता येईल असे दोन कॉर्डलेस, आणि फॅक्स (हो, अजून येतो, हसू नका). प्रत्येक टेबलापाशी लॅनचा एकच पॉइंट आहे आणि तो कॉम्प्युटरने खाल्लाय. नवीन वायरिंगला वरून साफ नकार.

क्लाउडवाल्यांनी दर माणशी दरमहा असा हिशोब दिला. महिन्याचा आकडा गोड दिसतो, तीन वर्षांनी गुणला की तोंड कडू होतं. म्हणून एकदाच पैसे घालून स्वतःचं हार्डवेअर घ्यावं असं डोक्यात आहे. कुठली पेटी घेऊ? जुने, वापरलेले आयपी फोन (लॅनच्या वायरीवर चालणारे) स्वस्तात मिळतायत, ते घ्यावेत का?

रात्रपाळी

पेटी कुठली हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न : एका वेळी बाहेरच्या कॉलवर किती जण असतात?

बारा माणसं म्हणजे बारा लाइन नव्हेत. सगळ्यात गर्दीचा तास धरा. समजा त्या तासात ३० कॉल, सरासरी ४ मिनिटांचे. म्हणजे १२० मिनिटं बोलणं, भागिले ६०, झाले २ अर्लांग, म्हणजे सरासरी दोन लाइन सतत व्यापलेल्या. (ए. के. अर्लांग हा डॅनिश गणिती. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करताना १९१७ साली त्याने किती कॉलना लाइन मिळणार नाही ते सांगणारं सूत्र मांडलं, आजही तेच चालतं.) २ अर्लांगला ५ वाहिन्या (म्हणजे एका वेळी ५ कॉल) दिल्या तर शंभरात साधारण चार जणांना एंगेज टोन मिळतो, ६ दिल्या तर जेमतेम एकाला. आणि तुमच्यासारख्या ३ लाइन असतील तर पाचातला एक परत जातो! त्याची तक्रार तुमच्यापर्यंत येत नाही, कारण तो तुम्हाला लागलेलाच नसतो.

बिलावरून हे कळणार नाही, त्यात येणारे कॉल नसतात. रिसेप्शनला आठवडाभर प्रत्येक कॉलला कागदावर एक रेघ मारायला सांगा.

उंटावरचा_शहाणा

एवढं गणित कशाला? रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घ्या, त्यावर ॲस्टरिस्क (ईपीएबीएक्सचं, म्हणजे पीबीएक्सचं, काम करणारं सॉफ्टवेअर) टाका, संपलं. सॉफ्टवेअर फुकट. १९९९ पासून चालू असलेला प्रकल्प आहे, अर्ध्या जगाच्या "स्वस्त आयपी पीबीएक्स" पेट्यांच्या पोटात तोच असतो. बारा माणसांचा भार पायला जाणवतही नाही.

तारेवरची_कसरत

@उंटावरचा_शहाणा, भार जाणवत नाही हे खरं, पण ॲस्टरिस्क लॉग आणि व्हॉइसमेल सतत लिहीत असतो आणि एसडी कार्ड त्यासाठी बनलेलं नसतं. कार्ड गेलं की ऑफिसचे फोन बंद, तेही सोमवारी सकाळी. पाय वापरायचाच तर एसएसडीवर. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा वापरलेला छोटा ऑफिस पीसी बरा. त्यावर फ्रीपीबीएक्स (ॲस्टरिस्कचाच ब्राउझरमधला चेहरा) बसतो, म्हणजे सगळं ब्राउझरमधून करता येतं, फाइली हाताने लिहाव्या लागत नाहीत.

आता धागाकर्तीसाठी मूळ मुद्दा. तुमच्याकडे तांब्याच्या ३ लाइन आणि ८ साधे फोन आहेत. दोन संज्ञा पक्क्या करा, कारण दुकानदारसुद्धा यांची अदलाबदल करतात :

एफएक्सएस पोर्ट डायल टोन देतो, रिंग वाजवतो. याला फोन जोडायचा.
एफएक्सओ पोर्ट फोनचं सोंग घेतो. याला कंपनीची लाइन जोडायची.

चुकून एफएक्सएसला कंपनीची लाइन लावलीत तर समोरासमोर दोन वीजपुरवठे येतात. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतो, रिंगच्या वेळी ९० च्या आसपास एसी. पोर्ट जळू शकतो.

साधे फोन तसेच ठेवायचे असतील तर त्यांना लॅनवर आणणारा एटीए नावाचा डबा लागतो. उदा. ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०२, दोन एफएक्सएस. बाहेरच्या लाइन आत घ्यायला एफएक्सओ गेटवे, त्यांचाच जीएक्सडब्ल्यू४१०४ चार लाइनचा आहे. किंवा सगळं एकाच पेटीत हवं असेल तर यूसीएम६२०४ : चार एफएक्सओ, दोन एफएक्सएस, पीबीएक्स आतच. दर माणशी लायसन्स नाही. नवीन घेताना त्याच वर्गातलं ६३०० मालिकेतलं मॉडेल बघा, जुन्या मालिकेला अपडेट किती काळ मिळतील ते आधी विचारा.

हिशोबनीस (धागाकर्ती)

बापरे, भराभर प्रतिसाद! धन्यवाद. रिसेप्शनला विचारलं. रेघांची गरजच पडली नाही, ती म्हणाली, "दुपारी तिन्ही दिवे लाल असतात, रोज." मग तांब्याच्या लाइन वाढवायच्या की इंटरनेटवरून (सिप ट्रंक म्हणतात ना?) घ्यायच्या?

रात्रपाळी

तुमच्याकडे कंपनी सिप ट्रंक देत असेल आणि जुने नंबर तिकडे हलवता येत असतील, तर ट्रंकच. वाहिन्या ३ च्या ६ करायला वायर ओढावी लागत नाही. इंटरनेट कॉल आणि साधी लाइन एकाच पेटीत मिसळण्याबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. ते ट्रंक देणाऱ्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

तारेवरची_कसरत

सहमत, आणि कारण वेगळंच आहे. स्वस्त सिस्टीममधला सगळ्यात छळणारा भाग एफएक्सओ. जरा सविस्तर लिहितो, कारण हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

समोरच्याने फोन ठेवला हे तुमच्या पेटीला कळणार कसं? माणूस "हॅलो हॅलो" करून ठेवून देतो. पेटीला खूण लागते. काही एक्सचेंज लाइनची पोलॅरिटी उलटी करतात, काही क्षणभर करंट तोडतात, काही नुसता एंगेज टोन वाजवतात. शेवटचा प्रकार असेल तर तो टोन किती हर्ट्‌झचा, किती मिलिसेकंद चालू, किती बंद, हे पेटीत अचूक भरावं लागतं. प्रत्येक देशात आकडे वेगळे. चुकलं की लाइन मोकळीच होत नाही. व्हॉइसमेल उघडावा तर आत नुसतं "टूँ टूँ टूँ", आणि तेवढा वेळ बाहेरच्यांना तुमचा नंबर एंगेज. लोक पेटी सदोष म्हणून परत करतात, दोष सेटिंगचा असतो.

कॉलर आयडीचंही तेच. काही ठिकाणी तो पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफने (बटणांच्या सुरांनी) येतो, काही ठिकाणी पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मध्ये एफएसकेने (मोडेमसारख्या सुरांनी). पेटी चुकीच्या पद्धतीवर असेल तर प्रत्येक कॉल "अनोळखी".

तिसरा त्रास प्रतिध्वनीचा. दोन तारांची लाइन आणि आतली चार तारांची दुनिया जिथे जुळतात तिथे इम्पिडन्स जमला नाही की स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. सेटिंगमध्ये बहुतेक वेळा ६०० ओम असतं, तुमच्या एक्सचेंजचं तसं नसू शकतं.

हे सगळं जमतं, पण एकदा बसून जमवावं लागतं. सिप ट्रंकला यातलं जवळजवळ काहीच नाही.

कंटाळेश्वर

वाचनखूण साठवली. "टूँ टूँ टूँ" आमच्याकडे रोज ऐकू येतं, आज कारण कळलं.

उंटावरचा_शहाणा

हार्डवेअर हवंच कशाला मग? सगळ्यांच्या मोबाइलवर सॉफ्टफोन ॲप टाका. खर्च शून्य.

जुनं_ते_सोनं

शून्य नाही. ॲप झोपलं की रिंग उशिरा येते किंवा येतच नाही, बॅटरी बचतीच्या नावाखाली फोन ॲपचा गळा दाबतो. फिरत्या विक्रीवाल्यांना ठीक. रिसेप्शनला खरा टेबल-फोनच हवा, बटणांवर दिवे असलेला, म्हणजे कोण बोलतंय आणि कोण मोकळं ते एका नजरेत दिसतं. त्या दिव्यांना बीएलएफ म्हणतात. बाकीच्यांना सर्वात साधं मॉडेल चालतं, पैसे रिसेप्शनच्या एका फोनवर घाला.

आता वापरलेल्या फोनबद्दल, कारण हा माझा प्रांत. घ्या, पण तीन गोष्टी बघून.

पहिली आणि सर्वात महत्त्वाची : फोन कुलूपबंद आहे का? मोठ्या कंपन्या हजारो फोन हाताने सेट करत नाहीत. फोन पहिल्यांदा इंटरनेटला लागला की तो उत्पादकाच्या सर्व्हरला स्वतःचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा ठरलेला क्रमांक) सांगतो आणि सर्व्हर त्याला "तुझा मालक अमुक, तिकडे जा" असं पाठवतो. येलिंकमध्ये याला आरपीएस म्हणतात, पॉलीकॉममध्ये झेडटीपी. म्हणजे तुम्ही फॅक्टरी रीसेट केलात तरी फोन उठून इमानदारीत जुन्या मालकाच्याच दारात जाऊन उभा राहतो, आणि तिथून नवीन ॲडमिन पासवर्ड घेऊन येतो. विक्रेत्याला सांगा : रीसेट करून, इंटरनेट जोडून, पुन्हा चालू करून त्याचा व्हिडिओ पाठव. इंटरनेट न जोडता काढलेला व्हिडिओ बिनकामाचा.

दुसरी : फर्मवेअर (फोनच्या आतलं सॉफ्टवेअर) कुठलं. सिस्कोचे ७९४०, ७९६० ढिगाने मिळतात, दिसायला झकास, हँडसेट वजनदार. पण त्यातले पुष्कळ सिप (इंटरनेट फोनची सर्वमान्य भाषा) नव्हे, सिस्कोच्या स्वतःच्या एससीसीपी भाषेत बोलतात. सिपचं फर्मवेअर टाकता येतं, पण ते मिळवणं आणि चढवणं हा एक स्वतंत्र उपवास आहे. तुमच्यासाठी नको.

तिसरी : अपडेट बंद झालेत का. सिस्कोचा एसपीए११२ हा छोटा एटीए जुन्या बाजारात फार दिसतो. २०२३ मध्ये त्यात गंभीर भोक सापडलं, बाहेरून कुणीही ताबा घेऊ शकेल असं, आणि सिस्कोने सरळ सांगितलं की उत्पादनाचं आयुष्य संपलंय, दुरुस्ती येणार नाही. स्वस्त आहे तो उगाच नाही.

फोनचं वय हँडसेटच्या वेटोळ्या वायरीवरून आणि ० ते ९ बटणांच्या छपाईवरून कळतं, पण ते दोन्ही बदलता येतं. डिस्प्ले फिका पडला असेल तर मात्र सोडून द्या.

हिशोबनीस (धागाकर्ती)

@जुनं_ते_सोनं, व्हिडिओची युक्ती आजच वापरते. मी ज्याच्याशी बोलत होते तो "रीसेट करून देतो ना" एवढंच म्हणत होता.

लॅन पॉइंटचं काय? एका टेबलाला एकच आहे.

पीओई_प्रेमी

फोनच्या मागे दोन पोर्ट असतात. भिंतीतून वायर फोनला, फोनमधून कॉम्प्युटरला. वायरिंग लागत नाही.

पण स्वस्तातल्या मॉडेलमध्ये तो पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो. आज कॉम्प्युटर गिगाबिटवर चालत असेल तर फोन मध्ये आल्यावर तो थेट दहाव्या हिश्शावर येतो. मेल आणि ब्राउझिंगवाल्याला कळणारही नाही. सर्व्हरवरून मोठ्या फाइली उघडणारा माणूस मात्र पहिल्याच दिवशी बोंब मारेल, आणि दोष "नवीन फोन"वर येईल. अशा दोन-तीन टेबलांना गिगाबिट पोर्टचा फोन द्या (येलिंकमध्ये टी३१पी साधा, टी३३जी गिगाबिट), बाकीच्यांना साधा.

वीज : पीओई स्विच (लॅनच्या वायरीतूनच वीज देणारा) घ्या, प्रत्येक फोनला वेगळा ॲडाप्टर घेऊ नका. ८०२.३एएफ लिहिलेला बघा, त्यात पोर्टला १५.४ वॉटपर्यंत मिळतात. साधा फोन त्यातले ३ ते ६ वॉट खातो, त्यामुळे महागडा ३० वॉटचा स्विच फोनसाठी लागत नाही. स्विचचं एकूण बजेट मात्र वाचा, सगळ्या पोर्टना मिळून किती वॉट ते. "पॅसिव्ह पीओई" लिहिलेलं स्वस्त इंजेक्टर टाळा. ते समोर काय आहे हे न विचारता वीज सोडतं.

शिवाय स्विच, राउटर आणि पीबीएक्स एका यूपीएसवर ठेवला की वीज गेली तरी सगळे फोन चालू. बारा ॲडाप्टर बारा सॉकेटांत असते तर हे जमलं नसतं.

कंटाळेश्वर

आणि सफाईवाल्याने सॉकेट काढून व्हॅक्युम लावला, हेही टळतं. 😄

रात्रपाळी

राउटरचंही बोलू. तुमचं इंटरनेट फायबर आहे असं धरतो. बँडविड्थची चिंता नको : जी.७११ कोडेकचा (कोडेक म्हणजे आवाज डेटामध्ये बसवण्याची पद्धत) कॉल एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस घेतो, सगळे वेष्टन धरून. सहा कॉल म्हणजे अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास. त्रास वेगाचा नसतो, रांगेचा असतो. कुणी मोठी फाइल अपलोड करायला लावली की आवाजाची पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) तिच्यामागे अडकतात आणि बोलणं तुटतं. त्यामुळे आवाजाला प्राधान्य देणारा राउटर हवा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) जी.११४ शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा असं आहे, त्यापुढे माणसं एकमेकांच्या वाक्यांवर चढायला लागतात.

आणि राउटरमध्ये "सिप एएलजी" नावाचा पर्याय असेल तर तो बंद करा. मदत करण्यासाठी बनवलाय, पण बहुतेक राउटरांत पाकिटांतले पत्ते चुकीचे बदलून ठेवतो. एका बाजूचा आवाज येतो, दुसऱ्या बाजूचा नाही, किंवा कॉल ठराविक वेळाने आपोआप तुटतो : पहिला संशय यावरच घ्यायचा. राउटर इंटरनेट कंपनीचा असेल आणि त्यात हा पर्याय दिसतच नसेल तर स्वतःचा राउटर घ्या. पीबीएक्सवर वाचवलेले पैसे इथे घालण्यासारखे आहेत.

हिशोबनीस (धागाकर्ती)

राउटर कंपनीचाच आहे. पर्याय शोधला, नाही. हं.

गोदामासाठी वायफाय फोन की कॉर्डलेस?

तारेवरची_कसरत

डेक्ट, म्हणजे कॉर्डलेस फोनचं तंत्र. डोळे झाकून. वायफाय फोन एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्याकडे जाताना अडखळतो आणि गोदामातला वायफाय बहुधा आधीच रडतखडत असतो. डेक्टचा स्वतंत्र पट्टा आहे. येलिंकचा डब्ल्यू६०बी बेस ८ हँडसेट घेतो आणि एका वेळी ८ कॉल, तुम्हाला तेवढेही नकोत. इमारतीच्या आत ५० मीटरचा पल्ला कागदावर असतो, लोखंडी रॅक असतील तर निम्मा धरा. बेस उंचावर लावा, रॅकच्या मागे नाही.

परदेशातून मागवू नका. युरोपात डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्‌झवर, अमेरिकेत १९२० ते १९३० वर. भलत्या प्रदेशाचा सेट तुमच्याकडे बेकायदेशीर ठरू शकतो, आणि इथल्या बेसशी जुळणारही नाही.

उंटावरचा_शहाणा

बरं, मी हरलो, पाय नको. पण पीबीएक्स इंटरनेटवर उघडा ठेवला की घरूनही एक्स्टेन्शन चालेल, हे तरी मान्य कराल? राउटरमध्ये पोर्ट ५०६० (सिपचं दार) फॉरवर्ड करायचा, झालं.

रात्रपाळी

नाही नाही नाही. ५०६० उघडलात की काही वेळातच बॉट (आपोआप शिरकाव शोधणारे प्रोग्रॅम) दार ठोठावायला लागतात. एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्ड १०१ ठेवणारी ऑफिसं त्यांना हवीच असतात. आत शिरले की रात्रभर परदेशातल्या महागड्या प्रीमियम नंबरांवर कॉल जातात आणि बिल तुमच्या नावाने येतं. बऱ्याच करारांत ते बिल ग्राहकालाच भरावं लागतं.

घरून हवं असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा). ट्रंकवाल्याचे आयपी पत्ते सोडून बाकी सगळ्यांना सिप बंद. आंतरराष्ट्रीय कॉल लागत नसतील तर ट्रंकवरच बंद करून घ्या, आणि रोजच्या खर्चाला मर्यादा घालून घ्या. पेटी बनवणारा फर्मवेअरची अपडेट देतो की नाही ते इथेच कामाला येतं.

जुनं_ते_सोनं

+१. आणि फोनांचे स्वतःचे ॲडमिन पासवर्डही बदला. वापरलेल्या फोनमध्ये जुन्या मालकाची फोनबुकसुद्धा सापडते, ती पुसा.

सहज_विचारलं

मी नवीन आहे, प्रश्न बाळबोध असेल. आमच्याकडे आयपी पीबीएक्स बसवला तेव्हापासून बँकेला फोन केला की "१ दाबा" दाबलं तरी तिकडे कळत नाही. फोन खराब आहेत का?

तारेवरची_कसरत

फोन ठीक असणार. बटणाचा सूर आवाजातूनच पाठवला जातोय आणि कोडेक जी.७२९ आहे, असं असावं. तो कोडेक ८ केबीपीएसमध्ये माणसाचं बोलणं बसवतो, सुरांची वाट लावतो. डीटीएमएफचं सेटिंग आरएफसी २८३३ किंवा ४७३३ वर न्या, म्हणजे बटण आवाजातून न जाता वेगळं पाठवलं जाईल, फोन, पीबीएक्स आणि ट्रंक तिन्हीकडे एकच. किंवा कोडेक जी.७११ करा, बँडविड्थ आहेच.

सहज_विचारलं

तिन्हीकडे बदललं, चाललं! फोन बदलायला निघाले होते.

हिशोबनीस (धागाकर्ती)

तर सध्या असं ठरतंय : सिप ट्रंक ६ वाहिन्या, एफएक्सओ-एफएक्सएस असलेली छोटी पीबीएक्स पेटी, एक पीओई स्विच, स्वतःचा राउटर, रिसेप्शनला चांगला फोन, बाकी साधे, दोन डेक्ट. व्हिडिओ मागितल्यावर तो विक्रेता गप्प झाला, त्यामुळे फोन नवेच.

राहिला फॅक्स. आणि एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती : लिफ्टमधला आणीबाणीचा फोन आणि चोरघंटीचं पॅनेल दोन्ही त्याच जुन्या ईपीएबीएक्समधून जातात म्हणे.

तारेवरची_कसरत

बरं झालं विचारलंत. पेटी उतरवायच्या आधी हे पाहायलाच हवं होतं.

फॅक्स एटीएवरून जी.७११ ने कधी जातो, कधी तिसऱ्या पानावर तुटतो. टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत) दोन्ही टोकांनी आणि मधल्या ट्रंकने पाळला तरच भरवसा. लिफ्ट आणि चोरघंटी मात्र कुठल्याही एटीएवर स्वतःहून टाकू नका. वीज गेली आणि यूपीएस संपला की तो फोन मेला, आणि लिफ्ट अडकते तीही नेमकी वीज गेल्यावर. तांब्याची लाइन एक्सचेंजकडून वीज घेते, म्हणून ती चालू राहते.

तीनपैकी एक तांब्याची लाइन ठेवा, पीबीएक्समधून न नेता. चोरघंटीच्या पॅनेलला लाइनच्या आत-बाहेरचे दोन टर्मिनल असतात. लाइन आधी पॅनेलमध्ये, तिथून फॅक्सला, म्हणजे पॅनेलला गरज पडली की ते फॅक्स तोडून लाइन ताब्यात घेतं. लिफ्टला मात्र या लाइनवर घुसवू नका, ती स्वतंत्रच हवी. लिफ्टच्या देखभालवाल्याला आधी फोन करा, बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे सिमवर चालणारा बॅटरीसकट डबा असतो आणि नियमानुसार काय चालतं ते त्यांनाच सांगावं लागतं. तो बसून तपासून होईपर्यंत जुनी पेटी भिंतीवरून काढू नका, फक्त तेवढ्या एका एक्स्टेन्शनसाठी चालू ठेवा.

हिशोबनीस (धागाकर्ती)

लिफ्टवाल्याला फोन लावलाय. एंगेज येतोय.